रिपोर्ट नॉर्मल, तरी आठ दिवस अवघड

पाळीच्या आधीच्या आठवड्यात मन पार बिघडतं अशी तक्रार घेऊन बाई डॉक्टरकडे जाते, तेव्हा बहुतेक वेळा हातात पहिली चिठ्ठी पडते ती रक्ततपासणीची. थायरॉइड, हिमोग्लोबिन, प्रोलॅक्टिन, कधीकधी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनही. वसई-विरारच्या पट्ट्यात पॅथॉलॉजी लॅबची वाण नाही. सकाळी रक्त द्यावं, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि सगळे आकडे चौकटीत बसलेले असतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "बघ, काही नाहीये तुला. उगाच डोक्यात घेऊन बसतेस."

घोटाळा इथेच होतो. ज्या आजाराबद्दल हा लेख आहे, त्यात हार्मोन्सचे आकडे नॉर्मलच असतात. ते बिघडलेले नसतात म्हणूनच तो ओळखायला वेगळी रीत लागते आणि त्यावरची औषधंही जरा अनपेक्षित आहेत.

आजाराचं नाव प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, थोडक्यात पीएमडीडी. पाळीच्या आधी अंग जड होणं, छाती दुखणं, थोडी चिडचिड हे निम्म्याहून अधिक बायकांना कधी ना कधी होतं आणि त्यासाठी डॉक्टर गाठायची गरज नसते. पीएमडीडीची गोष्ट वेगळी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात, काहींना दोन आठवडे आधीपासून, संताप आवरत नाही, किरकोळ बोलणं काळजात घुसतं, कारण नसताना रडू कोसळतं, छातीत धडधडत राहतं, आपण कुणाच्याच कामाच्या नाही असं वाटायला लागतं. काहींच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. पाळी सुरू झाली की एकदोन दिवसांत हे सगळं ओसरतं आणि पुढचा आठवडा ती बाई अगदी स्वतःसारखी असते. इतकी स्वतःसारखी, की गेल्या आठवड्यातली आपण कोण होतो असा तिलाच प्रश्न पडतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथात १९९४ साली या आजाराची जागा परिशिष्टात होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो नैराश्याच्या आजारांमध्ये रीतसर दाखल झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत मात्र त्याचा मूळ क्रमांक स्त्रीरोगांत आहे आणि उल्लेख नैराश्याच्या यादीतही आहे. म्हणजे गायनॅककडे जावं की मानसोपचारतज्ज्ञाकडे, हा नालासोपाऱ्यातल्या बाईला पडणारा प्रश्न जिनिव्हातल्या मंडळींनाही पुरता सुटलेला नाही.

किती जणींना हा आजार असतो, याचं उत्तर मोजण्याच्या पद्धतीवर ठरतं. भारतातल्या अभ्यासांचा २०२१ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात पीएमडीडीचं प्रमाण ८ टक्के निघालं. गुजरातेतल्या भावनगरच्या कॉलेजकन्यांमध्ये ते ३.७ टक्के होतं. २०२४ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जगभरच्या अभ्यासांची फेरमोजणी केली. सर्वसामान्य वस्तीतल्या ज्या अभ्यासांत बायकांनी रोजच्या रोज नोंदी ठेवल्या होत्या तेवढेच धरले, तेव्हा आकडा १.६ टक्क्यांवर आला. आठवणीवर विसंबलं की आकडा फुगतो, नोंदींवर विसंबलं की आक्रसतो. आपण सर्वांत कमी आकडा घेऊ. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यात पाळी येण्याच्या वयाच्या बायका ढोबळमानाने तीन लाख धरल्या, तरी पाच हजारांच्या आसपास पीएमडीडी असलेल्या निघतील. सकाळच्या गर्दीत एका बारा डब्यांच्या विरार लोकलमध्ये जेवढी माणसं कोंबलेली असतात, जवळपास तेवढ्या.

आता मूळ प्रश्न: आकडे नॉर्मल, तर बिघाड कुठे? याचं उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या पीटर श्मिट, डेव्हिड रुबिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दिलं. त्यांनी त्रास असलेल्या बायकांना ल्युप्रोलाइड नावाचं इंजेक्शन देऊन त्यांच्या बीजांडकोशांचं काम तात्पुरतं बंद पाडलं. त्यातल्या दहा जणींची लक्षणं गेली. मग या दहा जणींना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन बाहेरून नेहमीच्या प्रमाणात दिलं, आणि लक्षणं परत आली. ज्यांना कधीच त्रास नव्हता अशा पंधरा जणींवर हाच प्रयोग केला, त्यांना काहीही झालं नाही. हार्मोन तेच, प्रमाण तेच, परिणाम वेगळा. म्हणजे दोष हार्मोनच्या पातळीत नाही, त्या चढउताराला मेंदू जो प्रतिसाद देतो त्यात आहे. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचं एक द्रव्य तयार होतं. मेंदूतल्या शांत करणाऱ्या ज्या यंत्रणेवर झोपेच्या गोळ्या काम करतात, तिच्यावरच तेही काम करतं. बहुतेकींना त्याने स्वस्थ वाटतं. पीएमडीडी असलेल्यांमध्ये ते उलटतं असं आज मानलं जातं. २०१७ साली त्याच संस्थेने या बायकांच्या पेशींमध्ये हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांचा एक गट वेगळ्या तऱ्हेने वागतो असंही दाखवलं. तेव्हा "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांना पेशींपर्यंत नेऊन दाखवता येतं.

ही समजूत यायला फार उशीर लागला. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी १९३१ साली 'पाळीपूर्व ताण' असं नाव देऊन पहिला शास्त्रीय लेख लिहिला. (तेव्हा मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवत होते आणि लैंगिक विषयांवर उघड लिहितो म्हणून खटले अंगावर घेत होते. आपल्याकडे अशा विषयांची सुरुवात कोर्टात झाली म्हणायला हरकत नाही.) पुढे लंडनच्या कॅथरिना डाल्टन यांनी १९५३ साली रेमंड ग्रीन यांच्याबरोबर 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. हे ग्रीन म्हणजे कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांचे भाऊ, १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे डॉक्टर. प्रोजेस्टेरॉन कमी पडतं म्हणून त्रास होतो, अशी डाल्टनबाईंची खात्री होती. आयुष्यभर त्यांनी रुग्णांना प्रोजेस्टेरॉन दिलं. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आजार खरा आहे हे जगाला ठासून सांगणाऱ्या बाईंचा उपाय चुकला, पण आजार खराच होता. आजही पाळीपूर्व मनोविकारासाठी नुसतं प्रोजेस्टेरॉन लिहून दिलेलं दिसलं, तर "हे कशासाठी?" असं विचारावं.

उपचारांआधी वहीबद्दल बोललं पाहिजे. कारण रक्ततपासणी जे सांगू शकत नाही, ते वही सांगते. निदानाची अटच अशी आहे की सलग निदान दोन पाळ्यांपर्यंत रोजच्या रोज नोंद हवी. आठवून सांगितलेलं चालत नाही. जगभर यासाठी डीआरएसपी नावाचा तक्ता वापरतात. तो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर शाळेची दोनशे पानी वही पुरते. रोज रात्री चिडचिड, उदासी, बेचैनी, झोप, भूक आणि कामातला अडथळा यांना १ ते ६ असा आकडा द्यायचा. १ म्हणजे मुळीच नाही, ६ म्हणजे टोकाचं. पाळीचा पहिला दिवस लाल शाईने. एवढंच. विरारहून चर्चगेटपर्यंतचं अंतर ६० किलोमीटर, त्यात लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली तर दोन मिनिटांचं काम आहे. मोबाइलमधल्या पाळीच्या ॲपवरही होतं. फक्त ते ॲप पुढची तारीख सांगतं म्हणून "आता त्रास होणारच" असं आधीच ठरवून आकडे टाकू नयेत.

दोन महिन्यांनी ही वही चार वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकते, आणि चारींचे उपाय निरनिराळे आहेत. पाळी आल्यावरचा आठवडा स्वच्छ आणि आधीचा काळवंडलेला, असं दोन्ही महिन्यांत दिसलं तर पीएमडीडी. महिनाभर उदासी आणि पाळीआधी ती वाढलेली, तर मूळ आजार नैराश्याचा किंवा चिंतेचा आहे आणि तो महिनाभर उपचार मागतो. पाळीशी काही ताळमेळच नाही आणि अंगावर थकवा सतत, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड खरोखर बघायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ही शंका घेणं रास्तच. आणि चौथी गोष्ट सर्वांत अवघड. वहीतले वाईट दिवस पाळीच्या तारखांना जुळत नाहीत, ते नवरा घरी असण्याच्या दिवसांना जुळतात. अशी वही डॉक्टरपेक्षा आधी वकिलाकडे किंवा माहेरी न्यावी लागते. ती गोळीने सुटणारी बाब नाही.

पीएमडीडी ठरला की सर्वांत भक्कम पुरावा असलेलं औषध म्हणजे नैराश्यावरच्या गोळ्यांतला एसएसआरआय हा गट: फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन. नाव ऐकूनच बायका दचकतात. "मला काय वेड लागलंय?" आपल्या भागात या भीतीला एक पत्ताही आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती, आणि "ठाण्याला पाठवतील हां" या चेष्टेत कलेक्टर कचेरी कुणालाच अभिप्रेत नसायची.

पण या गोळ्या पीएमडीडीत ज्या रीतीने काम करतात ती नैराश्याच्या रीतीहून वेगळी आहे, आणि या साऱ्या विषयातला मला सर्वांत कुतूहलाचा वाटणारा भाग हाच. नैराश्यात त्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. पीएमडीडीत काही दिवसांत येतो. म्हणूनच त्या महिनाभर न घेता फक्त पाळीआधीचे चौदा दिवस घेऊन पाळी आली की बंद करता येतात. नैराश्याच्या रुग्णाला असं सांगणं हा शुद्ध अपराध ठरला असता. हे का होतं याचा एक अंदाज असा, की सिरोटोनिनवरच्या परिणामाखेरीज या गोळ्या मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोनचं गणितही चटकन बदलतात. म्हणजे एकच गोळी दोन आजारांत दोन वाटांनी जाते.

पुरावा किती? १९९५ साली कॅनडातल्या सात केंद्रांत ३१३ बायकांवर फ्लुऑक्सेटिनची चाचणी झाली. गोळी घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के जणींची लक्षणं निम्म्याने किंवा जास्त कमी झाली, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांची. त्यात रोज २० आणि ६० मिलिग्रॅम असे दोन डोस होते. मोठ्या डोसने फायदा वाढला नाही, त्रास मात्र वाढला. त्यामुळे फ्लुऑक्सेटिन साधारण २० मिलिग्रॅमच दिली जाते, सर्ट्रालिन ५० पासून सुरू होते. कॉक्रेन या स्वतंत्र आढावा संस्थेने २०२४ साली ३४ चाचण्या एकत्र पाहिल्या. या गोळ्या पाळीपूर्व लक्षणं कमी करतात आणि रोज घेण्याचा फायदा चौदा दिवस घेण्यापेक्षा बहुधा थोडा जास्त आहे, असा त्याचा निष्कर्ष. तिसरा मार्गही तपासला गेला आहे: त्रास सुरू होईल त्या दिवसापासून पाळीपर्यंतच सर्ट्रालिन घ्यायची. २०१५ च्या चाचणीत त्याचा फायदा माफकच दिसला, पण दर महिन्याला गोळी अचानक बंद केल्याने अंगाला त्रास झाला नाही. चौदा दिवसांची पद्धत निवडावी की रोजची, हे पाळी किती नियमित आहे यावर बरंच ठरतं. जिची तारीख कधी पंचविसाव्या तर कधी चाळिसाव्या दिवशी येते, तिने चौदा दिवस आधीचे मोजायचे तरी कसे?

तोटेही आहेत. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं दुखणं, झोप उडणं किंवा उलट सुस्ती. हे बहुतेकींत कमी होत जातं. संबंधांची इच्छा कमी होणं मात्र गोळी चालू असेपर्यंत टिकू शकतं, आणि डॉक्टरने ते आधी सांगितलं नसेल तर बाई त्याचं खापर स्वतःवर फोडते. घरात कुणाला बायपोलर म्हणजे अतिउत्साह आणि खोल उदासी यांच्या पाळ्या येण्याचा आजार असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं. अशांत ही गोळी एकटी दिली तर उलटू शकते. पंचविशीच्या आतल्या मुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत लक्ष ठेवावं लागतं. गरोदर राहायचा विचार असेल तर तोही बोलावा, त्यानुसार औषध निवडलं जातं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती मिळू नये असा कायदा आहे, आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याने दिली तरी घेऊ नये. खिशाचं म्हणाल, तर जेनेरिक फ्लुऑक्सेटिन ही स्वस्त गोळ्यांतली एक आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिची नोंद आहे.

आणि किती दिवस घ्यायची? २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात चार महिन्यांनी सर्ट्रालिन थांबवलेल्यांपैकी ६० टक्के जणींना त्रास परत सुरू झाला, वर्षभर घेऊन थांबवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना. याचा अर्थ गोळीची सवय लागते असा नाही. मूळ चक्र चालू आहे, म्हणून त्रास परततो.

दुसरी वाट स्त्रीरोगतज्ज्ञांची: बीजांड बाहेर पडणंच थांबवायचं. सगळ्या गर्भनिरोधक गोळ्यांना हे साधत नाही. पीएमडीडीसाठी पुरावा आहे तो ड्रोस्पायरेनोन आणि कमी मात्रेचं इस्ट्रोजेन असलेल्या गोळीचा, २४ दिवस औषधाच्या आणि ४ दिवस बिनऔषधी अशा पाकिटाचा. अमेरिकेत तिला २००६ साली या आजारासाठी मान्यता मिळाली. जिला मूल नको आहे आणि पीएमडीडीही आहे, तिच्यासाठी एका गोळीत दोन कामं होतात. पण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका या गोळ्यांत थोडा वाढतो. पस्तिशीपुढच्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बाईने डॉक्टरपासून ते लपवू नये. डोळ्यांपुढे झगझगाट होऊन सुरू होणारी अर्धशिशी असेल, पूर्वी गुठळी झाली असेल किंवा किडनीचा विकार असेल, तर ही वाट बंद.

आता आपल्याकडची एक सर्रास चालणारी गोष्ट, जिच्याबद्दल या संदर्भात कुणी बोलत नाही. गणपती, घरची पूजा, लग्न, जीवदानीच्या दर्शनाचा नवस. तारीख आड येणार असं दिसलं की बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात. सासूबाईंनी सुचवलं, जावेने आणून दिल्या, काम झालं. या गोळ्यांत नॉरएथिस्टेरोन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं कृत्रिम हार्मोन. बहुतेक बायकांना त्याचं काही वाटत नाही. पण ज्यांचा मेंदू या जातीच्या हार्मोनला उलटा प्रतिसाद देतो, त्यांच्यापैकी काहींचे अवघड दिवस गोळी घेतली तेवढे लांबू शकतात. ऐन गौरीत घरात आदळआपट होते, आणि नाव पडतं स्वभावावर. वही चालू असेल त्या दोन महिन्यांत तरी या गोळ्या घेऊ नयेत, नोंदी बिघडतात. आणि डॉक्टरला "दुसरं कुठलं औषध?" या प्रश्नावर "नाही" म्हणण्याआधी या गोळ्या आठवाव्यात. बायका त्यांना औषध समजतच नाहीत.

स्वयंपाकघरातून काही मिळतं का? थोडं मिळतं. १९९८ च्या एका अमेरिकी चाचणीत साडेचारशेहून जास्त बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम किंवा खोटी गोळी दिली. तिसऱ्या पाळीपर्यंत कॅल्शियम घेणाऱ्यांची लक्षणं ४८ टक्क्यांनी घटली, दुसऱ्या गटाची ३० टक्क्यांनी. फरक खरा आहे, पण खोट्या गोळीनेही तीस टक्के फरक पडला हेही बघावं. त्या चाचणीत पीएमडीडीच्या नव्हे, पाळीपूर्व त्रासाच्या बायका होत्या, त्यामुळे टोकाच्या आजारात एकट्या कॅल्शियमवर विसंबू नये. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दूध-दही आणि नाचणीची भाकरी यांनी निम्मी मजल तरी जाते. पाचूबंदर-अर्नाळ्याची सुकी मासळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियम भरपूर, पण मीठही तेवढंच आणि पाळीआधी अंग फुगत असेल तर मीठ नको. मूतखडा झालेला असेल तर गोळ्या विचारूनच घ्याव्यात. बी-६ या जीवनसत्त्वाचा पुरावा पातळ आहे. मोठ्या डोसने महिनोन्‌महिने घेतलं तर हातापायांच्या नसांना इजा होते. 'टॉनिकच आहे' म्हणून वाढवत नेऊ नये.

निर्गुडीचं विचारणाऱ्या बायका हमखास भेटतात. युरोपात पाळीपूर्व त्रासावर व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस या झुडपाच्या फळांचा अर्क वापरतात आणि २००१ च्या एका जर्मन चाचणीत त्याचा उपयोगही दिसला. आपल्या कुंपणाला उगवणारी निर्गुडी ही त्याच वंशातली, व्हायटेक्स निगंडो. नाती जवळची असली तरी झाड वेगळं, वापरला जाणारा भाग वेगळा आणि चाचण्या आपल्या निर्गुडीवर झालेल्या नाहीत. सांधे शेकायला तिचा पाला जरूर वापरावा. इव्हनिंग प्रिमरोझ तेलाच्या कॅप्सूल महाग असतात आणि मनाच्या लक्षणांवर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

बोलून केल्या जाणाऱ्या उपचारांना मी खालचं स्थान देत नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली फ्लुऑक्सेटिन आणि सीबीटी म्हणजे विचार-वर्तन उपचार यांची समोरासमोर तुलना झाली. सहा महिन्यांनी दोघांचा निकाल सारखा होता. गोळीचा गुण लवकर आला होता, पण वर्षाने पाहिलं तर सीबीटीचा फायदा जास्त टिकला होता. यात अवघड दिवसांत मनात येणारी वाक्यं पकडायची, ती तपासायची आणि मोठे निर्णय त्या दिवसांत न घेण्याची शिस्त लावायची असते. राजीनामा, भांडणाचा मेसेज, माहेरी निघून जाणं हे सगळं पाळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशीही करता येतं, तेव्हाही ते करावंसंच वाटलं तर. मराठीतून असा उपचार मिळणं महत्त्वाचं, कारण रडू येतं ते मातृभाषेत. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मराठीत मानसिक आरोग्याचं काम करते आहे. अडचण वेळेची. जी बाई पहाटे डबे भरून साडेसहाची गाडी पकडते आणि रात्री आठला उतरते, तिने दर आठवड्याला तासभर कुठून आणायचा? म्हणूनच तिच्यासाठी गोळीने सुरुवात करणं हा मला आळशी उपाय वाटत नाही.

एवढं करूनही भागलं नाही, तर १९९८ च्या प्रयोगातलं ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन उपचार म्हणूनही देतात. ते बीजांडकोशांना झोपवतं, म्हणजे तात्पुरती रजोनिवृत्ती आणतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही महिन्यांनी बाहेरून हार्मोन द्यावे लागतात, आणि तेव्हा काही आठवडे लक्षणं डोकं वर काढू शकतात. ही कसोटी पार पडल्याशिवाय बीजांडकोश काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार कुणी जबाबदार डॉक्टर करत नाही. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या किती सहज काढल्या गेल्या, हे २०१९ साली सगळ्यांनी वाचलं. शिवाय फक्त गर्भपिशवी काढून पीएमडीडी जात नाही. बीजांडकोश जागेवर असतील तर रक्तस्राव थांबतो, पण चक्र आत चालूच राहतं. "पिशवीच काढून टाका, कटकट संपेल" हा सल्ला इथे साफ चुकीचा आहे.

या आजाराला नाव देण्यालाच विरोध झाला होता, आणि तो सगळा गैर नव्हता. डीएसएमच्या समितीत काम केलेल्या पॉला कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं होतं, की रागावलेल्या बाईला रोगी ठरवायचं हे नवं हत्यार आहे. २००० साली एली लिली कंपनीने तीच फ्लुऑक्सेटिन गुलाबी-जांभळ्या कॅप्सूलमध्ये 'सॅराफेम' नावाने पीएमडीडीसाठी आणली. प्रोझॅक या तिच्या मूळ ब्रँडचं पेटंट २००१ मध्ये संपणार होतं. शंका घ्यायला जागा होतीच. आपल्याकडे तर घटस्फोटाच्या दाव्यात मानसोपचाराची फाइल बाईविरुद्ध वापरली जाईल, ही भीती काही हवेतली नाही. पण कंपनीचा स्वार्थ खरा असला म्हणून त्या गोळीने बऱ्या झालेल्या बायका खोट्या ठरत नाहीत. वहीचा मुद्दा इथेही कामाला येतो: तीस दिवसांपैकी वीस दिवस ही बाई व्यवस्थित आहे, याचा लेखी पुरावाही तीच वही देते. उपचारांची गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि मनाच्या आजारांना विम्यात शरीराच्या आजारांसारखंच धरावं असंही तो कायदा म्हणतो.

जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र दोन महिने वही लिहीत बसायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करता येतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी त्या दिवसांत गोळ्यांचा डबा, कीटकनाशक हाताशी राहू देऊ नये. वाडीतल्या घरांत फवारणीचं औषध ओटीवरच ठेवलेलं असतं.

चाळिशी उलटल्यावर पाळी अनियमित होऊ लागते त्या काळात काहींचा त्रास वाढतो, कारण हार्मोन्सचे हेलकावे मोठे होतात. चौदा दिवसांच्या हिशेबाने गोळी घेणारीला तेव्हा रोजच्या गोळीवर यावं लागू शकतं. पाळी कायमची थांबली की पीएमडीडीही थांबतो. मग गरमीच्या झळांसाठी कुणी हार्मोन सुरू केलं, आणि गर्भपिशवी असल्याने त्यात प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध आलं, तर जुना त्रास काहींना पुन्हा जाणवतो. त्या वेळी समोरच्या डॉक्टरला वीस वर्षांपूर्वीचा इतिहास ठाऊक नसणार. तो बाईनेच सांगायचा असतो.